मैत्रीची साखळी आणि पुनरावर्ती क्वेरी : एक ऐतिहासिक विचार

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना डेटाबेसचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. माहिती सारण्यांत ठेवावी आणि ती शोधण्याचा मार्ग यंत्रावर सोपवावा, हे त्याचे मुख्य सूत्र होय. मैत्रीची नोंद अशा सारणीत सहज बसते : एका ओळीत दोन नावे. मित्रांचे मित्र हवे असतील तर सारणी स्वतःशीच एकदा जोडावी, त्यांचेही मित्र हवे असतील तर पुन्हा एकदा. परंतु ‘कितीही टप्प्यांनी जोडलेले सर्वजण’ अशी मागणी आली की किती जोडण्या लागतील हे आधी सांगता येत नाही. अल्फ्रेड आहो आणि जेफ्री उलमन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की संबंधात्मक बीजगणितात ही मागणी व्यक्तच करता येत नाही. उणीव यंत्राच्या वेगाची नव्हती, भाषेची होती.

ओरॅकलने ‘कनेक्ट बाय’ हा स्वतःचा मार्ग काढला. त्याचे ठरलेले उदाहरण कार्यालयाचे : कोणाचा वरिष्ठ कोण. तेथे साखळी वर जाऊन संपते. मैत्रीला मात्र वरिष्ठ नसतो. ‘अ’कडून ‘ब’कडे गेलेली वाट पुन्हा ‘अ’कडेच येते.

१९९९ च्या एसक्यूएल प्रमाणकात ‘विथ रिकर्सिव्ह’ ही रचना आली. नवी ओळ मिळेनाशी झाली की ती थांबते. पुनरुक्त ओळी गाळणारे ‘युनियन’ वापरल्यास वर्तुळातूनही सुटका होते, ‘युनियन ऑल’ने होत नाही. खरी मेख पुढे आहे. व्यक्तीसोबत अंतराचा आकडा ठेवला की तीच व्यक्ती प्रत्येक फेरीत नवी ओळ ठरते आणि गाळणी निरुपयोगी होते. मग चाललेली वाट तरी जपावी लागते किंवा टप्प्यांना मर्यादा घालावी लागते. ही रचना पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००९ साली आली. ज्या मायएसक्यूएलवर फेसबुकने आपली माहिती साठवली त्यात ती २०१८ मध्ये, म्हणजे फेसबुकच्या स्थापनेनंतर १४ वर्षांनी आली.

तोवर मोठे प्रश्न अन्य मार्गांनी सोडवले गेले होते. ट्रॅव्हर्स आणि मिलग्रॅम यांच्या १९६९ च्या अभ्यासात २९६ पैकी ६४ साखळ्या बॉस्टनजवळच्या इच्छित व्यक्तीपर्यंत पोहोचल्या. मध्यस्थ सरासरी ५.२. फेसबुकच्या सुमारे ७२.१ कोटी वापरकर्त्यांवरील २०११ च्या अभ्यासात सरासरी अंतर ४.७४ टप्पे, म्हणजे मध्यस्थ ३.७४ आढळले. ते पुनरावर्ती क्वेरीने नव्हे, तर अंदाजी मोजणीच्या रीतीने काढलेले होते.