पावकी-निमकीपासून 'वीस एक'पर्यंत : शालेय गणितशिक्षणाच्या वादाचा इतिहास

गणित मुलांना कसे शिकवावे, हा प्रश्न केवळ शिक्षकांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांचा संबंध पूर्वापार कोठे दुकानाशी, कोठे शेतीशी, तर कोठे कारकुनीशी आलेला आहे. त्यामुळे हिशेब हा आपल्या घरांतील नित्याचा विषय राहिलेला आहे. 'हल्लीच्या मुलांना पाढे येत नाहीत' ही तक्रार आपल्या मेळाव्यांतून हटकून ऐकू येते, आणि 'नुसती पोपटपंची काय कामाची?' हा प्रतिप्रश्नही तितक्याच हटकून येतो. हा वाद आजचा नव्हे. निदान दोनशे वर्षे तो महाराष्ट्रात चालू आहे. त्याचा इतिहास ज्ञातिबंधु-भगिनींपुढे थोडक्यात ठेवावा आणि त्यातून आपण आपल्या घरी काय बोध घ्यावा हे सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पंतोजींची शाळा

महाराष्ट्राला गणिताची परंपरा मोठी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. परंतु ही विद्या पंडितांची होती. सामान्य माणसाच्या मुलाला जे गणित मिळे, ते पंतोजींच्या शाळेत.

ही शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात भरे. धूळपाटीवर अक्षरे व अंक गिरवावयाचे आणि तिन्हीसांजेला सर्वांनी एका सुरात उजळणी म्हणावयाची, हा तेथील परिपाठ. पाढे पाठ झाले की त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी यांची पाळी येई. औट म्हणजे साडेतीन. आजच्या वाचकाला ही सारी घोकंपट्टी निरर्थक वाटण्याचा संभव आहे. परंतु तीमागे व्यवहाराची पक्की गरज होती. त्या काळी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे व पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर आणि खंडीचे वीस मण. दीड आणा शेर भावाचा साडेसात शेर माल घेतला, तर दुकानदाराला कागद न घेता 'सव्वाअकरा आणे' असे तत्काळ सांगता आले पाहिजे. ज्या मुलाला दिडकी येत होती त्याला हे एका श्वासात सांगता येई. अपूर्णांकाची आकडेमोड त्याने कधी केलेली नसे. ती त्याच्या जिभेवरच वसलेली असे.

या पद्धतीचे दोषही लहान नव्हते. 'सातचे सव्वापट पावणेनऊ' हे मुलाला ठाऊक असे. पण ते पावणेनऊच का, हे त्याला कोणी सांगत नसे, आणि विचारण्याची सोयही नसे, कारण पंतोजींची छडी जवळच असे. शिवाय या शाळेची दारे सामान्यतः मुलींना बंद होती, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांना तर ती बंदच होती. हिशेब ही ज्याच्या हाती, त्याच्याच हाती गावाचा व्यवहार. यास्तव गणित कोणाला शिकवावे, हा प्रश्न ते कसे शिकवावे या प्रश्नाइतकाच जुना आहे.

छापील पुस्तकांचा उदय

इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत देशी भाषांतून शालेय पुस्तके तयार करण्याच्या कामास प्रारंभ झाला. या कामी जॉर्ज जर्विस या इंजिनियर अधिकाऱ्याचे नाव प्रथम घेतले पाहिजे. येथील शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्यांनी इंग्रजी ग्रंथांच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. पुढे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवू लागले. 'शून्यलब्धिगणित' हे कलनगणितावरील त्यांचे पुस्तक मराठी भाषा गणिताचा केवढा भार पेलू शकते याची साक्ष देते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शाळांसाठी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुतच आहे.

येथे पहिला खरा वाद उभा राहिला. पंतोजींचे गणित तोंडी होते, नव्या पुस्तकांचे लेखी. पंतोजी पाऊण, सव्वा, अडीच असे बोलत. पुस्तक अंश व छेद मांडून रीत सांगे. नव्या विद्वानांस उजळणी रानटी वाटे, आणि बाजारातल्या माणसांस नव्या शाळेचा मुलगा नेभळट वाटे. कारण पाटीवर चार ओळी लिहिल्याखेरीज त्याला भाव सांगता येत नसे. अखेरीस शाळांनी मध्यम मार्ग पत्करला. रीत पुस्तकातून शिकवावयाची आणि पाढे व पावकी-निमकी उजळणीतून पाठ करून घ्यावयाची, अशी ही तडजोड पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली.

याच काळात भाषेचाही वाद झाला. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असे बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत होते. १८४७ च्या सुमारास जर्विस व जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू घेतली. गणिताची पुस्तके स्वतः मराठीत करून पाहिलेल्या जर्विस यांच्या मताला त्या वादात विशेष वजन होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब शिकवावा, अशी मागणी त्यांनी त्यात केली आहे. ज्या कुणब्याला सावकाराच्या वहीतला आकडा वाचता येत नाही, त्याची जमीन कशी जाते हे त्या काळी उघड दिसत होते. गणित हे परीक्षेसाठी नसून फसवणुकीपासून रक्षणासाठी आहे, हा विचार त्या मागणीच्या मुळाशी आहे. आजही त्यात अक्षराचाही बदल करण्याची आवश्यकता नाही.

दशमान पद्धतीचा आघात

पावकी-निमकीला शेवटी हटविले ते कोणा शिक्षणतज्ज्ञाने नव्हे, तर नाण्याने. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे बरोबर होत. पण एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा व तीन आण्यांचे एकोणीस असे मोजताना दुकानदार व गिऱ्हाईक दोघांचीही त्रेधा उडे. १९५६ च्या कायद्यान्वये वजनमापेही टप्प्याटप्प्याने बदलली व शेर-मणाच्या जागी किलोग्रॅम आला. दहाच्या पटीत सारे बसल्यावर अपूर्णांकांचे पाढे पाठ करण्याचे व्यावहारिक कारण उरले नाही. औटकी तर शब्दासह लोपली. सव्वा, दीड, अडीच व पाऊण मात्र आजही भाजीबाजारात जिवंत आहेत.

दशमान पद्धतीने मुलांचे ओझे हलके केले, यात शंका नाही. पण उजळणीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही. ती म्हणजे घर आणि शाळा यांचे गणित एकच असणे. ज्या पाढ्यांनी आजोबा दुकान चालवीत, तेच पाढे नातू शाळेत म्हणे. ही सांगड त्यानंतर सैल होत गेली.

संचांचे युग

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, आणि अमेरिकेत आपले शिक्षण मागे पडले अशी हाकाटी झाली. १९५८ मध्ये एडवर्ड बेगल या गणितज्ञांच्या नेतृत्वाखाली शालेय गणिताची नवी पुस्तके लिहिण्याचे काम तेथे सुरू झाले. मुलाला केवळ कृती न शिकवता गणिताची रचना शिकवावी, आणि त्यासाठी प्रारंभापासून संचाची कल्पना द्यावी, हे या 'नवगणिता'चे सूत्र होते. त्याची लाट जगभर पसरली. महाराष्ट्रात १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाले. आणि १९७० नंतरच्या दशकात आपल्या पाठ्यपुस्तकांतही संच आले.

कल्पना उदात्त होती. परंतु घरी वडिलांना संच ठाऊक नव्हते, आणि पुष्कळ शिक्षकांनाही ते नवीनच होते. जे स्वतःला उमगले नाही ते शिकवायचे झाले, की माणूस व्याख्या पाठ करून घेतो. अशा रीतीने, पाठांतर घालविण्यासाठी आलेल्या विषयाचेच पाठांतर सुरू झाले! अमेरिकेतही १९७३ मध्ये मॉरिस क्लाइन या गणितज्ञाने 'जॉनीला बेरीज का येत नाही' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून या चळवळीवर कडक टीका केली. कालांतराने संच प्राथमिक वर्गांतून निघाले व वरच्या इयत्तेत आपल्या योग्य जागी स्थिरावले.

'वीस एक' की 'एकवीस'?

यानंतरचा गाजलेला वाद जून २०१९ मधील आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' याबरोबर 'वीस एक', 'बत्तीस' याबरोबर 'तीस दोन' असे संख्यावाचन दिले गेले. वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली, विधिमंडळातही हा विषय निघाला, आणि आडनावांची नवी रूपे करून थट्टाही झाली. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे खुलासा केला, की जुनी नावे रद्द केलेली नाहीत. मुलांना सोपे जावे म्हणून दुसरा पर्याय दिला आहे. या विदुषी १७ जुलै २०२३ रोजी निवर्तल्या. त्यांचे म्हणणे आता तरी थट्टा बाजूस ठेवून पाहिले पाहिजे.

आपल्या भाषेत २१ ते ९९ या संख्यांपैकी दशकाच्या संख्या वगळल्या तर ७२ नावे उरतात. त्यांत एकक आधी व दशक नंतर बोलले जाते. लिहिताना मात्र दशक आधी येतो. 'सत्तेचाळीस' म्हटले की मुलाच्या कानी प्रथम सात पडतो, म्हणून ते प्रथम ७ लिहिते आणि ४७ चे ७४ होतात. 'एकोणसाठ' म्हणताना साठ ऐकू येते, पण लिहावयाचा असतो पाच. त्यात 'त्रेसष्ट', 'अठ्ठ्याऐंशी', 'नव्व्याण्णव' अशी जोडाक्षरांची गर्दी. पहिली-दुसरीचे वर्ग ज्यांनी चालविले आहेत, त्यांना ही अडचण कपोलकल्पित वाटणार नाही. कानडी, तेलुगू व तमिळ भाषांत दशक आधीच बोलतात. नॉर्वे देशाने तर १९५१ मध्ये अधिकृतपणे 'एक आणि वीस' सोडून 'वीस एक' हा क्रम स्वीकारला. तरीही जुनी पद्धत तेथील लोकांच्या बोलण्यातून पुरती गेली नाही.

विरोध करणारांचेही म्हणणे पोकळ नव्हते. 'एकवीस' हा शब्द संस्कृत 'एकविंशति'पासून चालत आलेला आहे. तो भाषेचा ठेवा आहे. शाळेत 'वीस एक' शिकलेले मूल बाजारात 'एकवीस रुपये' ऐकून गोंधळले, तर शाळेने त्याला काय दिले? घर व शाळा यांचे गणित निराळे झाल्याने काय होते, हे संचांच्या वेळी आपण पाहिलेच आहे.

इतिहासाचा बोध

या दोनशे वर्षांच्या वादाकडे एकत्र पाहिले, तर असे दिसते की 'पाठांतर की आकलन' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. पंतोजींचे पाठांतर अर्थावाचून आंधळे होते, आणि संचांचे आकलन सरावावाचून पांगळे ठरले. जी पद्धत घरातील माणसांना कळली व व्यवहाराला उपयोगी पडली, तीच टिकली. शिक्षणतज्ज्ञांनी घराला विश्वासात घेतले नाही तेव्हा सुधारणा फसली. आणि घराने मुलाची अडचण समजून न घेता केवळ थट्टा केली तेव्हाही नुकसान मुलाचेच झाले.

हे नुकसान काल्पनिक नाही. २०१८ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे अठ्ठावीस मुलांनाच साधा भागाकार करता आला. उरलेली मुले आळशी किंवा मंद नव्हेत. कोठेतरी पहिली-दुसरीत त्यांची पायरी चुकली आणि पुढे ती कोणी सावरली नाही. गणितात नापास झालेले मूल पुष्कळदा शाळाच सोडते, आणि मग शंभर वर्षांपूर्वीच्या कुणब्याप्रमाणे दुसऱ्याने मांडलेल्या हिशेबावर विश्वास ठेवणे त्याच्या नशिबी येते.

आपल्या ज्ञातीपुरता आणखी एक प्रश्न आहे. आपली पुष्कळ मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना 'फॉर्टी एट' कळते, 'अठ्ठेचाळीस' कळत नाही. 'वीस एक' म्हणण्याने मराठी बुडेल अशी भीती ज्यांनी व्यक्त केली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी 'एकवीस'ही कोणी म्हणत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. संख्यांची नावे पाठ्यपुस्तकाने बुडत नाहीत. घरात ती उच्चारली जात नाहीत, तेव्हा ती बुडतात.

यास्तव माझ्या अल्प अनुभवानुसार काही सूचना कराव्याशा वाटतात. लहान मुलाला प्रथम 'चाळीस आणि सात' म्हणू द्यावे. संख्या समजली की 'सत्तेचाळीस' हे तिचे नाव अगत्याने शिकवावे. चिंचोके किंवा मणी घेऊन सातांचे चार गट मांडून दाखवावेत, आणि मगच सातचा पाढा पाठ करून घ्यावा. पण पाठ अवश्य करून घ्यावा. मंडईत जाताना मुलाला बरोबर न्यावे आणि अडीच किलो कांद्याचा हिशेब त्यालाच करू द्यावा. मुलींना यातून वगळू नये. चूक झाली तर रागावू नये. ती कोठे झाली ते मुलाच्या तोंडूनच वदवून घ्यावे. यासाठी पदवी लागत नाही, शिकवणीची फी लागत नाही. लागतो तो दिवसातला पाव तास. आणि पाव म्हणजे किती, हेही त्या पाव तासात शिकवून होते.