'अ‍ॅव्हरेज पॅकेज १० लाख' म्हणजे नेमकं किती? सरासरी कधी बघायची आणि मध्यक कधी?

प्रवेशांचा सीझन आला की इन्स्टावर कॉलेजांच्या जाहिराती सुरू होतात. 'अ‍ॅव्हरेज पॅकेज १० लाख!' हा आकडा बघून अनेक घरांत शैक्षणिक कर्ज काढलं जातं. आकडा खोटाच असतो असं नाही. पण तुम्हाला किती पगार मिळेल, हे त्यातून कळतं का?

समजा, एका बॅचमधल्या १० जणांना नोकरी लागली. त्यांचं वार्षिक पॅकेज लाखांत असं आहे: ४, ४, ४, ४.५, ५, ५.५, ६, ७, ८ आणि ५२. बेरीज १००, भागिले १०, म्हणजे सरासरी १० लाख. हिशेब अगदी बरोबर. फक्त १० पैकी ९ जणांचं पॅकेज १० लाखांच्या खाली आहे! ५२ लाखवाल्या एकट्याने सरासरी वर ओढली.

मग बघायचं काय?

दहावीच्या सांख्यिकीत शिकलेला मध्यक आठवतोय? आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. इथे मधले दोन आहेत, ५ आणि ५.५. म्हणून मध्यक ५.२५ लाख. ५२ च्या जागी ९० लाख आले, तरी तो हलत नाही.

फरक हप्ता भरताना कळतो. १० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण १३,२०० रुपये येतो. १० लाखांच्या पॅकेजमध्ये महिन्याला ८३ हजार येतात, ५.२५ लाखांत ४४ हजारांच्याही आत. त्यातून पीएफ कापला जाणार, रूमचं भाडं वेगळं.

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगसाठी कॉलेजं पगाराचा मध्यकच कळवतात. ही माहिती ऑनलाइन बघता येते, जरूर बघा. तिथेही एक मेख आहे. हा मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. म्हणून शेजारच्या रकान्यात किती जणांना नोकरी लागली, तेही वाचा.

सरासरी कुठे चालते?

जिथे एकूण बेरीज महत्त्वाची असते, तिथे. ट्रिपचा खर्च पाच जणांत वाटायचा, तर मध्यक काय कामाचा? चपलांच्या दुकानदाराला मात्र दोन्ही नकोत. सर्वाधिक खपणारा नंबर कोणता, म्हणजे बहुलक, त्याला हवा.

वेगाचं गणित आणखी वेगळं. १२० किलोमीटर जाताना ताशी ६० आणि येताना ४० चा वेग असेल, तर सरासरी ५० नव्हे, ४८ येते. कारण २४० किलोमीटरला ५ तास लागले.

गुंतवणुकीचंही तसंच. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी ५० टक्के घट. साधी सरासरी शून्य, पण १०० रुपयांचे आधी १५० आणि मग ७५ झाले! म्हणून फंडाच्या परताव्यात सीएजीआर बघतात. इथे तो वर्षाला उणे १३.४ टक्के आहे.