लंगडणाऱ्या श्वानाची शुश्रूषा

कुत्रा म्हातारा झाला, त्याचे सांधे धरले, कीं त्यास कोपऱ्यांत स्वस्थ निजूं द्यावें आणि आपल्या ताटांतला एखादा घांस अधिक घालावा, हीच घरोघरची दया. संशोधकांनीं या दयेची परीक्षा केली, तेव्हां निकाल निराळाच लागला.

१९३५ सालीं अमेरिकन पशुवैद्य जी. बी. श्नेल यांनीं कुत्र्यांच्या खुब्यांतील एक विकार नोंदविला. वाढत्या वयांत खुब्याची वाटी उथळ राहते, मांडीच्या हाडाचा माथा तींत घट्ट बसत नाहीं, सांधा झिजतो आणि पुढें संधिवात जडतो. आल्सेशियन, लॅब्रॅडॉर अशा थोराड जातींत हा दोष पुष्कळ आढळतो. प्रारंभीं भर राहिला तो निदानावर व पैदाशीवर. १९६६ सालीं अमेरिकेंत खुब्यांचीं क्ष-किरण-चित्रें तपासून नोंद ठेवणारी संस्था निघाली. परंतु आधींच दुखणाइत असलेल्या जनावराचें काय?

त्याचें उत्तर माणसांच्या व्यायामोपचारांतून आलें. पाय दुखला कीं कुत्रा तो उचलून धरतो. न वापरल्यानें स्नायु सुकतात आणि सांध्याचा आधारच जातो. म्हणून त्यास चालविलें पाहिजे, पण भार हलका करून. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत, खुब्याइतक्या पाण्यांत उभ्या कुत्र्याच्या पायांवर वजनाचा सुमारें ३८ टक्केच भार उरला.

अधिक घांसाचा निवाडा २००२ सालीं झाला. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडॉर पिलें जोडीजोडीनें वाढविलीं होतीं. प्रत्येक जोडींतील एकास दुसऱ्याहून २५ टक्के कमी अन्न मिळे. कमी खाणारीं सुमारें दोन वर्षें अधिक जगलीं, आणि संधिवाताचे उपचार त्यांस उशिरां लागले.

श्वानावर खरी माया करावयाची, तर वाढतांना हात आवरावा आणि त्यास रोज बेताबेतानें चालवावें.