प्रतिकृतींची रंगजुळणी

प्रतिकृतींची रंगजुळणी : प्लॅस्टिकच्या किटमधून जोडलेल्या विमान, रणगाडा, जहाज इत्यादींच्या लघुप्रतिकृतीसाठी मूळ वस्तूच्या रंगाशी मिळणारा रंग निवडण्याची पद्धत. ‘एअरफिक्स’ कंपनीचे १/७२ प्रमाणातील स्पिटफायर १९५३ मध्ये बाजारात आले. हा छंद पुढे ब्रिटनमध्ये घरोघर पोहोचला आणि त्याबरोबर रंगांचे वादही. किटच्या सूचनापत्रकावर रंगाचा क्रमांक छापलेला असतो. नवशिका तोच घेतो आणि बऱ्याचदा त्याचे भागतेही. पण एकाच जातीची विमाने दर काही महिन्यांनी वेगळ्या रंगात उडत असत. म्हणून डबी उघडण्याआधी नेमके कोणते विमान, कोणत्या तळावरचे आणि कोणत्या महिन्यातले, हे ठरवावे लागते.

स्पिटफायरच्या रंगांच्या नोंदी इतर बहुतेक विमानांपेक्षा पुष्कळ अधिक उपलब्ध आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी त्याच्या पाठीवर डार्क अर्थ (मातकट तपकिरी) व डार्क ग्रीन यांचे नागमोडी पट्टे असत. खालून एक पंख काळा, दुसरा पांढरा. जून १९४० पासून पोटाला ‘स्काय’ हा फिका हिरवट रंग आला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर डाव्या पंखाखाली पुन्हा काळा रंग दिला गेला, शेपटीपुढे स्कायचा पट्टा आला आणि पंख्याच्या टोपीलाही तोच रंग लागला. १९४१च्या वसंतात काळा पंख गेला. ऑगस्ट १९४१ मध्ये, लढाई इंग्लिश खाडीपलीकडे सरकल्यावर, तपकिरीची जागा ओशन ग्रेने घेतली व पोटाला मीडियम सी ग्रे आला. नवा करडा पुरेसा मिळेपर्यंत सात भाग मीडियम सी ग्रे आणि एक भाग काळा असे मिश्रण करण्याची मुभा होती. म्हणून त्या शरद ऋतूतले विमान करणाऱ्याने ‘ओशन ग्रे’ची तयार डबी घेण्यापूर्वी छायाचित्र पाहावे, आणि तळावरचे मिश्रण वाटले तर तेच प्रमाण धरून स्वतः रंग कालवावा.

‘स्काय’चा उगम सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाशी जोडला जातो. हेरगिरीची छायाचित्रे घेणाऱ्या त्याच्या तुकडीने ‘कॅमोटिंट’ नावाचा फिका हिरवट रंग वापरला. जोधपूरच्या महाराजांचे तशाच फिक्या रंगाचे खासगी विमान उड्डाणानंतर पाहतापाहता आकाशात दिसेनासे झाले आणि त्यावरून ही छटा सुचली, अशी हकिगत सांगितली जाते. जून १९४० मध्ये हा रंग सर्व लढाऊ विमानांना एकदम हवा झाला आणि साठा अपुरा पडला, तेव्हा काही तुकड्यांनी हाताशी असलेल्या रंगांतून निळसर छटा केल्या असे मानले जाते. त्या नेमक्या कशा होत्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ब्रिटिश मानक बीएस ३८१सी मध्ये स्कायचा क्रमांक २१० आहे. ‘हम्ब्रोल’ या रंगकंपनीची त्यासाठी वापरली जाणारी ९० क्रमांकाची डबी आणि ‘तामिया’ची एक्सएफ-२१ शेजारीशेजारी रंगवून पाहिल्या तर दोन्ही एक नाहीत हे उघड दिसते.

युद्धकालीन कृष्णधवल छायाचित्रे हा मोठा आधार, पण तो फसवाही असतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही आणि ती पिवळाही गडद दाखवते. त्यामुळे ओळखचिन्हाचे पिवळे कडे काळपट वाटते व निळा फिका पडतो. जुन्या रंगीत छायाचित्रांच्या छटा काळाने सरकलेल्या असतात. संग्रहालयातील विमानांचेही तेच. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक हे विमान प्रत्यक्ष पाहता येते आणि पॅनेल, चाके, सांधे अभ्यासायला त्यासारखे साधन नाही. मात्र खुल्या हवेतील विमानांना पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागतो, म्हणून रंगाचा पुरावा म्हणून ती दुय्यम. सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे खऱ्या रंगाचे तुकडे चिकटवलेली पुस्तके.

अमेरिकी विमानांसाठी काम सोपे होते, कारण १९५६ मध्ये ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ ही रंगांची क्रमांकयादी निघाली. त्याच्या पाच आकड्यांतील पहिला झळाळी सांगतो (१ चकचकीत, २ अर्धचकचकीत, ३ मॅट), दुसरा रंगकुल. ६ म्हणजे करडा. एफ-१६ च्या पाठीवरचा ३६११८ म्हणजे मॅट करडा, हे आकड्यावरूनच कळते. जर्मन रणगाड्यांसाठी आरएएल या जर्मन रंगयादीचे क्रमांक आहेत. फेब्रुवारी १९४३ पासून त्यांचा मूळ रंग गडद पिवळा झाला आणि त्यावरचे हिरवे व लालसर तपकिरी पट्टे सैनिकच पेस्ट पातळ करून मारत; कुणी पाण्यात, कुणी पेट्रोलमध्ये. तेथे एकच अचूक छटा शोधणे व्यर्थ आहे. जर्मन विमानांच्या अखेरच्या ८१ ते ८३ क्रमांकांच्या छटांबद्दल मतभेद आहेत.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरील विमाने स्वतंत्रपणे पाहावी लागतात. जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तेथील ओळखचिन्हातून लाल रंग काढून गडद व फिका निळा ठेवला गेला. हिंदी हवाई दलाच्या तुकड्याही ही चिन्हे लावून उडाल्या. तेव्हा हिंदी हरिकेन करणाऱ्याने युरोपच्या सूचनापत्रकातील डिकल वापरू नयेत.

मूळ रंग तंतोतंत मिळाला तरी छोट्या प्रतिकृतीवर तो गडद दिसतो, असा अनेकांचा अनुभव आहे. त्यासाठी रंगात पांढरा मिसळतात. १/७२ साठी सुमारे १५ टक्के, १/४८ साठी १० टक्के असे प्रमाण प्रचलित आहे. सरसकट पांढरा घातल्याने लाल गुलाबी होतो, म्हणून लालात नारिंगी किंवा पिवळा घालणे बरे. काही जण हा नियम मानतच नाहीत.

निवडलेली छटा आधी प्लॅस्टिकच्या टाकाऊ चमच्यावर मारून पाहावी. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर सहसा गडद होतो. चकचकीत वार्निशने छटा खोल, तर मॅटने फिकी दिसते. म्हणून तुलना शेवटच्या हातानंतर आणि दिवसाच्या उजेडात करावी. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन करडे उन्हात वेगळे निघू शकतात. पिवळा व लाल हे पारदर्शकतेकडे झुकणारे रंग, त्यांना पांढऱ्या प्रायमरचे अस्तर लागते. आयात रंग महाग पडतात तेव्हा भारतात हार्डवेअरच्या दुकानातील इनॅमलही वापरले जाते. भारतीय मानक आयएस ५ मधील ६३१ (लाइट ग्रे), ६३२ (डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे) असे काही क्रमांक ब्रिटिश यादीशी जुळतात, ही मोठी सोय आहे. मात्र हे इनॅमल एनसी थिनरने पातळ करू नये. तो किटचे प्लॅस्टिक (पॉलिस्टायरीन) विरघळवतो.

मोटारींसाठी कारखान्याचा रंगसंकेत पुरेसा असतो. जहाजांचे रंग नौदलानुसार व वर्षानुसार पाहावेत.