सर्वांत स्वस्त निविदा आणि राइट बंधूंचे विमान

१/ सरकारी खरेदीचा जुना दंडक असा : जाहीर निविदा मागवाव्यात आणि सर्वांत कमी दराच्या पात्र पुरवठादाराला कंत्राट द्यावे. पण जी वस्तू बाजारात नाहीच, तिच्या पुरवठादाराची पात्रता ठरवायची कशी? १९०८ साली अमेरिकी लष्करापुढे हा पेच उभा राहिला. वस्तू होती विमान. #इतिहास #थ्रेड

२/ लष्कर सावध होते, त्याला कारण होते. सॅम्युअल लँग्ली या नामवंत शास्त्रज्ञाला युद्धखात्याने विमानासाठी ५०,००० डॉलर दिले होते. ८ डिसेंबर १९०३ रोजी ते यंत्र पोटोमॅक नदीत कोसळले आणि खात्याचे हसे झाले. नऊच दिवसांनी राइट बंधूंनी किटी हॉक येथे यशस्वी उड्डाण केले.

३/ १९०५ मध्ये राइट बंधूंनी लष्कराला विमान देऊ केले. उत्तर आले : आधी यंत्र उडवून दाखवा. कल्पना चोरीला जाईल या भयाने बंधूंची अट उलटी होती : आधी करार करा. बोलणी तिथेच अडली.

४/ डिसेंबर १९०७ मध्ये विल्बर राइट यांनी लष्करी मंडळापुढे २५,००० डॉलर किंमत सांगितली. तरीही जाहीर निविदा आवश्यकच होती. २३ डिसेंबरला अटी प्रसिद्ध झाल्या : दोन माणसे, ताशी ४० मैल वेग, सलग एक तास उड्डाण. असे यंत्र जगात नाहीच, अशी टीका झाली.

५/ तरीही ४१ निविदा आल्या! १० टक्के अनामत रकमेच्या अटीने बहुतेक गळाले. उरले तिघे :
जे. एफ. स्कॉट : १,००० डॉलर
ए. एम. हेरिंग : २०,००० डॉलर
राइट बंधू : २५,००० डॉलर

६/ नियमाप्रमाणे पहिला हक्क स्कॉट यांचा. त्यांना डावलावे, तर पक्षपाताचा आरोप. केवळ त्यांनाच कंत्राट द्यावे, तर विमान हाती येण्याची आशा नाही. कागदोपत्री तिघेही पात्र होते.

७/ लष्कराने तिन्ही निविदा स्वीकारल्या. मात्र त्यासाठी तिघांना पुरेल इतका पैसा हाताशी असणे आवश्यक होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या अखत्यारीतील निधी देण्याची तयारी दाखवली आणि वाट मोकळी झाली.

८/ पुढे स्कॉट यांनी माघार घेतली. हेरिंग मुदतवाढ मागत राहिले. पूर्ण विमान त्यांनी कधीच दिले नाही. जादा निधीला हात लावण्याची वेळच आली नाही.

९/ पण राइट बंधूंनाही वेळेत कंत्राट पुरे करता आले नाही. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथील चाचणीत विमान कोसळले. सहप्रवासी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मृत्युमुखी पडले, ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले. लष्कराने त्यांनाही मुदत वाढवून दिली.

१०/ जुलै १९०९ मध्ये ऑर्व्हिल यांनी दोन्ही कसोट्या पार केल्या. सरासरी वेग ताशी ४२.५ मैलांहून थोडा अधिक भरला. ४० च्या वरील प्रत्येक पूर्ण मैलास १० टक्के बक्षिसी ठरली होती. म्हणून किंमत झाली ३०,००० डॉलर, म्हणजे स्कॉट यांच्या दराच्या तीसपट.

११/ निविदेच्या कागदावरून पात्रता ठरवण्याचा हट्ट धरला असता, तर वाद न्यायालयात रेंगाळला असता किंवा कंत्राट भलत्याच हाती गेले असते. लष्कराने निवाडा मैदानावर सोपवला. तिथे विमान घेऊन एकच पुरवठादार पोहोचला.