धुराचा पत्ता

१९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाला आळा घालणारा कायदा झाला. नाव होतं ‘बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट’. त्याच साली, शेकडो मैल दूर, निजामाच्या मुलखात पूर्णा ते हिंगोली हा सुमारे पन्नास मैलांचा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तिकडे गिरण्यांच्या धुराड्यांवर सरकारची नजर बसली. इकडे धुराचे लोट सोडत आगगाडी हिंगोलीच्या फलाटाला लागली. मुंबईचा कायदा हिंगोलीला लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. राज्य निराळं, राजा निराळा.

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हिंगोलीच्या वाट्याला हेच पुन्हा पुन्हा आलं. धूर वेळेवर यायचा, त्याचा बंदोबस्त मात्र मोठ्या शहरांतून फिरत फिरत, उशिरा पोचायचा. दरम्यान धूर आपला पत्ता बदलून मोकळा झालेला असायचा.

रेल्वे यायच्या आधीपासून हिंगोली नकाशावर होतीच. हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत इथे होती आणि कापसाची पेठ म्हणून गावाचं नाव होतं. आगगाडी आल्यावर कापसाच्या गाठींना बैलगाडीपेक्षा वेगवान वाट मिळाली. स्वातंत्र्यानंतर खांडवा–हिंगोली हा जोडमार्ग झाला आणि उत्तरेचं व दक्षिणेचं मीटरगेज जाळं या वाटेनं एकमेकांना मिळालं. पूर्णा जंक्शनच्या शेडमधून निघालेली कोळशाची इंजिनं चढावर धापा टाकत, काळा धूर सोडत हिंगोलीकडे यायची. खिडकीशी बसणाऱ्याच्या डोळ्यात कोळशाचा कण जायचा. पांढरं धोतर किंवा टोपी घालून निघालेला माणूस उतरताना करडा होऊन उतरायचा. आगगाडीच्या प्रवासाचा तो एक भागच होता, त्याची तक्रार कुठे करणार?

मग डिझेलची इंजिनं आली, कोळशाची हळूहळू हद्दपार झाली. २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि आता त्यावर विजेच्या तारा आहेत. हिंगोलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या विजेच्या इंजिनातून धुराची रेघही निघत नाही. मात्र तारेतली वीज जिथून येते तिथल्या भट्टीत कोळसा आजही जळतोच. त्या भट्टीचा माग काढायचा तर मराठवाड्याच्या विजेची गोष्ट सांगावी लागते.

ती सुरू होते पाण्यापासून. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण जिंतूर तालुक्यात आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. सिद्धेश्वरच्या कालव्यांनी वसमतची शेतं भिजवली, तर १९६८ साली पूर्ण झालेल्या येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटच्या तीन संचांचं वीजघर झालं. एकूण साडेबावीस मेगावॉट. चिमणी नाही, राख नाही, कोळशाची मालगाडी नाही. पण पाणी असेल तेव्हाच वीज, आणि मराठवाड्यात पाण्याचा भरवसा कोणी द्यावा? शिवाय पंप, गिरण्या आणि गावोगावचे दिवे साडेबावीस मेगावॉटमध्ये भागणारे नव्हते.

म्हणून परळी. १९७१ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने परळी वैजनाथला तीस मेगावॉटचा पहिला औष्णिक संच चालू केला. १९८० च्या दशकात २१० मेगावॉटचे तीन संच आले. पुढे ते जुने झाले आणि २००७ पासून २५० मेगावॉटच्या तीन नव्या संचांनी त्यांची जागा घेतली. औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन घेऊन परळीच्या वैजनाथाकडे जाणाऱ्या भाविकाला देवळाच्या शिखराआधी विजेच्या कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या. हिंगोलीच्या घरातला दिवा लागतो तो राज्यभरच्या वाहिन्यांत मिसळलेल्या विजेवर. पण मराठवाड्याच्या विजेची राख मराठवाड्यात कुठे पडते, या प्रश्नाचं उत्तर परळी हेच होतं.

राखेची गोष्ट साधी नाही. आपल्याकडच्या दगडी कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राखच असते, म्हणजे शंभर किलो कोळसा जाळला की पस्तीस-चाळीस किलो राख हाती राहते. त्यातली थोडी भट्टीच्या तळाशी साचते, बहुतेक मात्र पिठासारखी बारीक होऊन धुराबरोबर चिमणीकडे धावते. तिला वाटेत अडवायचं काम ‘ईएसपी’ करतो, म्हणजे स्थिरविद्युत अवक्षेपक. उंच धातूचे पत्रे, त्यांच्यामधून टांगलेल्या तारा आणि तारांत हजारो व्होल्टचा दाब. राखेच्या कणांवर विद्युतभार बसतो, ते पत्र्यांना चिकटतात, ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोकले जातात आणि राख खालच्या नरसाळ्यांत गळते. यात एक गंमत आहे. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हे हवेच्या दृष्टीनं चांगलंच. पण गंधक कमी असलं की राखेवर विद्युतभार नीट बसत नाही, आणि तीच राख पकडायला ईएसपी अधिक मोठा लागतो.

कायद्याची चाल बघण्यासारखी आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झालं ते पाण्याच्या प्रदूषणासाठी. हवेचा केंद्रीय कायदा १९८१ चा, म्हणजे परळीचा पहिला संच दहा वर्षं जुना झाल्यावरचा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्या काळच्या मानकांनुसार २१० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या संचाच्या एक घनमीटर धुरात १५० मिलिग्रॅमपर्यंत धूळ चालायची, लहान संचाला ३५० पर्यंत सूट होती. सल्फर डायऑक्साइडवर मर्यादाच नव्हती. त्याऐवजी चिमणीच्या उंचीचा नियम होता: २०० मेगावॉटच्या पुढे २२० मीटर, ५०० आणि वर २७५ मीटर. वायू अडवायचा नाही, उंचावर सोडायचा. वारा तो पांगवेल, पातळ करेल, आणि ज्या गावावर तो उतरेल त्याला तो कुठून आला हे कळणार नाही.

धूर पकडलाच पाहिजे, असा हट्ट धरला तर काय होतं, हे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला डहाणूत दिसलं. चिकूच्या बागांच्या या तालुक्यात १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९६ मध्ये निकाल दिला आणि त्याच वर्षी डहाणूसाठी एक स्वतंत्र पर्यावरण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारं यंत्र, ज्याला सगळे ‘एफजीडी’ म्हणतात, ते बसवलंच पाहिजे, ही भूमिका त्यांनी वर्षानुवर्षं सोडली नाही. कंपनी बदलली, मुदती टळल्या, पैशाची हमी मागितली गेली, आणि २००७ साली ते यंत्र चालू झालं. समुद्राच्या पाण्यानं धूर धुणारा प्रकल्प म्हणून डहाणूचं नाव झालं. परळीला ना समुद्र होता, ना असं प्राधिकरण.

देशभर सल्फरवर पहिली मर्यादा आली ती ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनं. परळीसारख्या ५०० मेगावॉटच्या आतल्या जुन्या संचांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, मोठ्यांना २००. शिवाय धूळ, नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा यांच्याही मर्यादा. मुदत होती दोन वर्षांची. ती २०२२ पर्यंत गेली, मग आणखी पुढे गेली. २०२१ मध्ये प्रकल्पांचे तीन गट पडले. दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या दहा किलोमीटरच्या आतले पहिल्या गटात, अति प्रदूषित किंवा निकषांत नापास ठरलेल्या शहरांच्या जवळचे दुसऱ्यात, उरलेले तिसऱ्यात. परळीच्या आसपास दहा किलोमीटरमध्ये असं शहर नाही. जुलै २०२५ मध्ये तिसऱ्या गटाला एफजीडीच्या सक्तीतून सूट मिळाली. देशातले सुमारे ७८ टक्के संच या गटात मोडतात. सरकारचं म्हणणं, आपल्या कोळशात गंधक कमी आहे, खर्च अफाट आहे आणि मोजमापांत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आढळतो. टीकाकारांचं म्हणणं, हाच वायू हवेत मिसळून सूक्ष्म कणांत बदलतो आणि शेकडो किलोमीटर जातो, दहा किलोमीटरचं कुंपण तो जाणत नाही.

परळीची धुराडी दोनदा खरोखर थंडावली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये सगळे संच बंद पडले, आणि पुढे २०१५ च्या दुष्काळातही. त्यांना थांबवलं ते गोदावरीच्या रिकाम्या पात्रानं. कायदा त्यात कुठेच नव्हता.

धुराचा दुसरा पत्ता होता रस्ता. निजाम राज्यात रेल्वेनेच १९३२ साली २७ गाड्यांची प्रवासी बससेवा सुरू केली होती. सरकारने चालवलेल्या देशातल्या पहिल्या बससेवांत तिची गणना होते. मराठवाड्याची ही वाहतूक १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या एसटीत विलीन झाली. तोवर आणि त्यानंतरही तीस वर्षं, गाडीच्या नळकांड्यातून किती विष बाहेर पडावं याला नव्या गाडीसाठी देशात कसलंच प्रमाण नव्हतं. पेट्रोलच्या गाड्यांना ते १९९१ मध्ये लागलं, डिझेलच्यांना १९९२ मध्ये. जुन्या गाड्यांसाठी ‘पीयूसी’ आलं. नळकांड्यात सळई घालायची, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि धुराचा काळेपणा मोजायचा. डिझेलला ६५ हार्ट्रिजपर्यंत मुभा होती.

१ मे १९९९ रोजी हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन स्वतंत्र जिल्हा झाली आणि गाड्यांवर ‘एमएच ३८’ आलं. देशभर शिसंमुक्त पेट्रोल मिळू लागलं ते त्यानंतर वर्षभराच्या आत, फेब्रुवारी २००० मध्ये. महानगरांत ते १९९५ पासूनच मिळत होतं. डिझेलचंही असंच झालं. एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांना गाड्यांच्या धुराचं आणि इंधनाचं ‘भारत स्टेज ४’ हे मानक मिळालं. त्यात मुंबई होती, पुणं होतं, सोलापूरही होतं. हिंगोलीला स्टेज ३. याचा अर्थ असा, की पुण्यातल्या पंपावरच्या डिझेलमध्ये दहा लाखांत पन्नास भाग गंधक असायचं आणि हिंगोलीच्या पंपावर साडेतीनशेपर्यंत. रंग जवळपास तोच, नोझल तोच, फक्त तेल वेगळं. पुण्याहून भरून निघालेला ट्रक जिल्ह्यात येऊन पुन्हा टाकी भरायचा तेव्हा त्याचा धूर सातपट गंधकाचा व्हायचा.

ही दरी १ एप्रिल २०१७ ला बुजली. त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने स्टेज ३ ची वाहनं १ एप्रिलपासून विकू नका असा आदेश दिला. देशभरच्या शोरूममध्ये आठ लाखांवर वाहनं उभी होती. ३० आणि ३१ मार्चला दुचाकींवर हजारो रुपयांच्या सवलती लागल्या, आणि ज्या गाड्या जुन्या ठरायच्या होत्या त्यांच्यासाठीच रांगा लागल्या. सरकारने पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट स्टेज ६ आणलं आणि गंधक दहा भागांवर आलं. या वेळी मुंबई आणि हिंगोलीला एकच तारीख मिळाली.

शहरांची हवा सुधारण्यासाठी २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मराठवाड्यातून औरंगाबाद, जालना, लातूर ही नावं आली. हिंगोलीचं नाव त्यात नव्हतं, आणि हवा तुलनेनं बरी असण्याची ही एक खूणही मानता येईल. जिल्ह्याचा धूर शेताच्या बांधावर आणि चुलीपाशी आहे. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या हे इंधन अजून गेलेलं नाही. हळदीच्या हंगामात वसमत, कळमनुरीच्या शिवारात बॉयलर पेटतात. ओल्या कंदांना वाफ द्यायची, मग ते उन्हात वाळवायचे. पूर्वी काहिलीत उकळायचे, आता ट्रॅक्टरमागून आणलेल्या टाकीत वाफवतात. जळण मात्र अजूनही लाकूडफाटा.

हळद वाळली, पॉलिश झाली की ट्रॅक्टरनं बाजार समितीच्या आवारात येते. त्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला भारत स्टेज लागू नाही, शेतीच्या यंत्रांची ‘ट्रेम’ नावाची वेगळी मानकं आहेत, आणि जानेवारी २०२३ पासून आलेला नवा कडक टप्पा पन्नास अश्वशक्तीच्या वरच्यांनाच लागतो. शेतकऱ्याकडचा साधा ट्रॅक्टर त्याखालचा असतो. शेजारीच सांगलीला निघालेला स्टेज ६ चा नवा ट्रक उभा असतो. त्याच्या डिझेल टाकीलगत निळ्या झाकणाची आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यातलं द्रावण धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतं. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया असतो. ड्रायव्हर त्याला नुसतं युरियाच म्हणतात. ट्रॅक्टरवाल्याच्या शेतात तोच युरिया हळदीच्या सऱ्यांना घातला गेलेला असतो. ट्रकचं इंजिन चालू होतं, धूर दिसत नाही. ट्रॅक्टर सुरू होतो, आणि रिकाम्या ट्रॉलीवर एक काळा लोट तरंगत राहतो.