लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल

लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल, संक्षेपाने एलएलडीपी, हा संगणकीय जाळ्यातील उपकरणाने थेट जोडलेल्या शेजारी उपकरणाला आपली ओळख कळविण्यासाठी वापरला जाणारा प्रमाणित प्रोटोकॉल, म्हणजेच संदेशांच्या देवाणघेवाणीचा नियमसंच आहे. आयईईई या संस्थेच्या ८०२.१एबी या मानकात त्याची व्याख्या केलेली आहे. शेजाऱ्यांविषयीची ही माहिती एकत्र केली की जाळ्याची प्रत्यक्ष रचना (टोपोलॉजी) कळते. कागदावरील आराखडा जोडणीच्या दिवसाचा असतो. एलएलडीपीने मिळणारा आराखडा त्या घडीचा असतो.

इतिहास

सिस्को कंपनीने १९९४ मध्ये सिस्को डिस्कव्हरी प्रोटोकॉल (सीडीपी) विकसित केला. इतर उत्पादकांनीही आपापले प्रोटोकॉल काढले. परंतु एका कंपनीच्या उपकरणाला दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाची भाषा सहसा कळत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी आयईईईने २००५ मध्ये ८०२.१एबी हे मानक प्रसिद्ध केले. त्याच्या सुधारित आवृत्त्या २००९ व २०१६ मध्ये निघाल्या. आयपी दूरध्वनीसारख्या उपकरणांसाठी एलएलडीपी-मेड हा विस्तारही प्रचलित आहे.

कार्यपद्धती

एलएलडीपी चालू असलेले उपकरण आपल्या प्रत्येक पोर्टमधून ठरावीक काळाने, सामान्यतः दर ३० सेकंदांनी, एक छोटी इथरनेट फ्रेम पाठवते. ही फ्रेम बहुधा ०१-८०-सी२-००-००-०ई या राखीव पत्त्यावर जाते. नियमांप्रमाणे चालणारा स्विच या पत्त्यावरील फ्रेम पुढे पाठवत नाही. त्यामुळे संदेश लगतच्या शेजाऱ्यापाशीच थांबतो आणि ‘शेजारी’ या शब्दाला नेमका अर्थ प्राप्त होतो.

फ्रेममधील माहिती प्रकार, लांबी व मूल्य अशा घटकांत मांडलेली असते. पहिले तीन घटक अनिवार्य आहेत:

१. उपकरणाची ओळख
२. पोर्टची ओळख
३. माहिती ग्राह्य धरण्याची मुदत

उपकरणाचे नाव, वर्णन, क्षमता व व्यवस्थापनाचा पत्ता हे घटक ऐच्छिक आहेत. मुदत सामान्यतः सुमारे १२० सेकंदांची असते. तेवढ्या वेळात नवी फ्रेम न आल्यास शेजाऱ्याची नोंद पुसली जाते. संदेश एकतर्फी असतो. त्याला पोच दिली जात नाही.

रचनेचा शोध

प्रत्येक उपकरणाला केवळ आपले शेजारी माहीत असतात, संपूर्ण जाळे नव्हे. त्यामुळे व्यवस्थापन संगणक एका उपकरणापासून आरंभ करतो, त्याचा शेजार-तक्ता एसएनएमपी या प्रोटोकॉलद्वारे वाचतो, त्यात आढळलेल्या उपकरणांचे तक्ते पाहतो आणि नवे नाव मिळेनासे होईपर्यंत हा क्रम चालू ठेवतो. प्रत्येक दुवा दोन्ही टोकांच्या तक्त्यांत आढळणे अपेक्षित असते. तो एकाच टोकाला दिसल्यास दुसऱ्या टोकाला एलएलडीपी बंद असण्याची किंवा दुवा एकाच दिशेने चालत असण्याची शक्यता असते.

उदाहरण

समजा, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, कुडाळ, ओरोस व कणकवली येथील चार स्विच वलयाकार जोडलेले आहेत. वलयात फ्रेम गरगर फिरत राहू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल एक दुवा राखीव ठेवतो. तो कणकवली-मालवण हा आहे असे मानू. पावसाळ्यात झाड पडून हाच दुवा तुटला, तर कोणाचेही काम अडत नाही आणि तक्रारही येत नाही. पुढे कुडाळ-मालवण दुवाही तुटला की मात्र मालवण एकाकी पडते. एलएलडीपीच्या फ्रेम स्पॅनिंग ट्रीने अडवलेल्या पोर्टमधूनही जातात. त्यामुळे राखीव दुवा तुटल्यावर दोन मिनिटांच्या आत तो तक्त्यांतून नाहीसा होतो आणि व्यवस्थापकाला वेळीच सूचना मिळू शकते.

किनारपट्टीच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गात झाडे व विजेचे खांब पाडून वीजपुरवठा आणि दूरसंचार सेवा विस्कळीत केल्या होत्या. ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या भारतनेट प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावाकडे जाणारी शाखांसारखी रचना होती. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचनेचा अवलंब केला आहे. वलयामुळे पर्यायी मार्ग मिळतो. मात्र तो मार्ग सुस्थितीत आहे याची खात्री सतत करून घ्यावी लागते.

मर्यादा

एलएलडीपी दुवा गेल्याचे सांगतो, तो कोणत्या ठिकाणी तुटला हे सांगत नाही. प्रकाशतंतू नेमका किती अंतरावर तुटला हे शोधण्यासाठी ओटीडीआर हे उपकरण वापरतात. प्रकाशाची विभागणी करणारे, विजेविना चालणारे स्प्लिटर फ्रेम पाठवत नसल्याने आराखड्यात दिसत नाहीत. साधे, व्यवस्थापनाची सोय नसलेले स्विच स्वतःची ओळख देत नाहीत. त्यांतील काही या फ्रेम तशाच पुढे पाठवतात. अशा वेळी दूरची उपकरणे चुकून लगतची भासतात. वीज गेल्याने उपकरण बंद पडले की तार तुटली, हा फरकही केवळ शेजार-तक्त्यावरून कळत नाही.

सुरक्षितता

मूळ मानकात संदेश पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची तरतूद नाही. एलएलडीपीची फ्रेम उपकरणाचे नाव, प्रकार व पत्ता उघड करते, तसेच खोटी फ्रेम पाठवून आराखड्यात नसलेला दुवा दाखवता येतो. म्हणून ग्राहकांकडे किंवा सार्वजनिक जागेकडे जाणाऱ्या पोर्टवर एलएलडीपी बंद ठेवणे आणि जाळ्याच्या अंतर्गत दुव्यांवर चालू ठेवणे इष्ट मानले जाते.

हेही पहा

इथरनेट
स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल
प्रकाशतंतू
भारतनेट